सहा पत्रं, एक पत्ता

आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वरच्या फळीवर पाच वर्षं एक हिरवी फाईल होती. दारातून आत पडलेलं प्रत्येक पाकीट आधी त्या फळीपाशी जायचं. पाण्याचं बिल, कौन्सिल टॅक्स (कौन्सिल म्हणजे इथली महापालिका, तिची घरपट्टी), दवाखान्याचं पत्र, मतदानाचं कार्ड, काहीही असो. त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव आणि आमचा पत्ता असेल तर ते फाईलमध्ये, नसेल तर कचऱ्यात. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला इथे इंग्लंडमध्ये कायम राहायची परवानगी मिळाली, म्हणजे इथे सगळे ज्याला आयएलआर म्हणतात ते. तेव्हापासून दोघीतिघींनी मला विचारलं की तुम्ही नेमकं काय काय जोडलंत. प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

मी मिरजेची. २०१४ साली नर्स म्हणून इंग्लंडला आले, तेव्हापासून कॉव्हेंट्रीत आहे. मार्च २०१९ मध्ये माझा आयएलआर झाला, मे महिन्यात मिरजेत लग्न झालं आणि नोव्हेंबरात नवरा इथे आला. म्हणजे आमच्याकडे स्पॉन्सर (जिच्या जोरावर जोडीदाराला व्हिसा मिळतो ती) मी आणि अर्जदार तो. आमच्या दोन्ही घरांत हे पचायला वेळ लागला. जावयाला बायकोच्या पगारावर व्हिसा मिळाला, हे वाक्य माझ्या एका मामांनी लग्नघरात जेवणाच्या पंगतीत म्हटलं होतं. नवऱ्याने ते ऐकलं आणि शांतपणे वाढप्याकडून भात घेतला. त्या दिवशी हा माणूस मला पहिल्यांदा नीट कळला.

सासूबाईंचा प्रश्न मात्र साधा होता आणि पाच वर्षं तो तसाच राहिला. "अगं, महापालिकेनं दाखला दिलाय ना? मग लग्न झालंय हे अजून किती वेळा सांगायचं त्यांना?"

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला आमच्याकडे होता. तो मराठी आणि इंग्रजी दोन्हीत होता, त्यामुळे भाषांतराचा खर्चही वाचला. (निव्वळ मराठी कागद असेल तर अधिकृत भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख, संपर्क हे सगळं हवं.) पण दाखल्याने लग्न झालं एवढंच सिद्ध होतं. होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या इथल्या गृहखात्याला, हवं असतं ते लग्नानंतरचं. नातं खरं आहे का, अजून टिकून आहे का, आणि दोघं एका छपराखाली राहतात का. त्यासाठी ते मागतात सरकारी किंवा तशाच खात्रीच्या ठिकाणांहून आलेली पत्रं. दोघांच्या नावे मिळून आलेली सहा, निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, आणि मागच्या दोन वर्षांत पसरलेली. जोडीने नाव नसेल तर दोघांची वेगवेगळी, पण त्याच पत्त्यावरची. सहाच्या सहा एकाच महिन्यातली चालत नाहीत. म्हणूनच ही तयारी अर्जाच्या वेळी करायची नसते, ती माणूस विमानातून उतरला की सुरू करायची असते.

नवरा आला तेव्हा घर माझं होतं. म्हणजे भाड्याचंच, दोन खोल्या वर, दोन खाली, पण करार माझ्या नावे, वीज माझ्या नावे, पाणी माझ्या नावे, इंटरनेट माझ्या नावे. पाच वर्षं एकटीने राहताना हे सगळं मी जमवलेलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. त्याच्या नावाचं त्या घरात काही म्हणजे काही नव्हतं. दोन बॅगा, आईने दिलेला गोडा मसाला आणि पोस्टातून आणलेलं व्हिसाचं कार्ड, बस्स.

पहिली गोष्ट मी केली ती कौन्सिलला फोन. एकटं राहणाऱ्याला इथे कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते आणि ती मी घेत होते. नवरा आला की ती सूट बंद करून घ्यावी लागते. माझ्या बरोबरीच्या एका नर्सने सांगितलं, "राहू दे गं, कोण बघतंय." पण जरा विचार करा. एका खात्याला तुम्ही सांगताय की मी घरात एकटी राहते, आणि दुसऱ्या खात्याला सांगताय की नवरा माझ्याबरोबर राहतो. दोन्ही कागद एकाच सरकारच्या टेबलावर येऊ शकतात. मी फोन केला, सूट गेली, दर महिन्याचा हप्ता वाढला आणि दहाएक दिवसांनी नवीन बिल आलं. त्यावर पहिल्यांदा आमची दोघांची नावं होती, एकाखाली एक. सूट अमुक तारखेपासून रद्द, असंही त्यात लिहिलेलं होतं, आणि ती तारीख होती तो उतरला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तो एकत्र राहायला लागला याचा याहून चांगला पुरावा मला नंतर पाच वर्षांत मिळाला नाही. हिरव्या फाईलमधला हा पहिला कागद.

बँकेचं काम अवघड गेलं. जॉइंट खात्यासाठी त्याच्या पत्त्याचा पुरावा हवा होता आणि पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालेल विचारलं तर उत्तर आलं, बँकेचं स्टेटमेंट. दोन शाखांत हेच ऐकलं. शेवटी घरमालकाला विनंती करून भाडेकरारात त्याचं नाव घातलं, दवाखान्यात नोंदणी केली, नॅशनल इन्शुरन्स नंबरचं (नोकरी करणाऱ्याला मिळणाऱ्या सरकारी क्रमांकाचं) पत्र आलं, आणि हे तिन्ही घेऊन तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा खातं उघडलं. पाण्याच्या बिलावर त्याचं नाव एका फोनवर लागलं. विजेच्या कंपनीने मात्र, आमच्याकडे एकाच नावाची जागा आहे, म्हणून कायमचा नकार दिला. मी तीन वेळा विचारलं, मग नाद सोडला.

इथे नावाबद्दल एक सांगायला हवं, कारण मराठी बायकांची यात हमखास अडचण होते. माझा पासपोर्ट, नर्सिंगची नोंदणी, पगार सगळं माहेरच्या नावाने. मधलं नाव वडिलांचं. घरमालकाने करारात मला नवऱ्याचं आडनाव लावून टाकलं, त्याच्या दृष्टीने लग्न झालेली बाई म्हणजे तेच नाव. मिरजेच्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव वेगळं लिहिलेलं होतं. आमच्याकडे बाईचं मधलं नावसुद्धा बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो, हे इथल्या कुठल्या अधिकाऱ्याला माहीत असणार? मी घरमालकाकडून करार दुरुस्त करून घेतला. तुम्ही कुठलंही नाव ठेवा, पण सगळीकडे एकच ठेवा, आणि ते पासपोर्टवरचं ठेवा.

मग चारच महिन्यांत कोविड आला.

मी अतिदक्षता विभागात ड्यूटीला होते. मार्च २०२० पासून दहा आठवडे आम्ही एका घरात वेगवेगळे राहिलो. मी समोरच्या छोट्या खोलीत, तो मागच्या बेडरूममध्ये. मी ड्यूटीवरून आले की मागच्या दाराने थेट न्हाणीघरात, कपडे पिशवीत, आंघोळ, आणि मग खोलीचं दार बंद. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो चहाचा थर्मास ठेवायचा. स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला, त्याच्या वडिलांनी दिलेला. तो ठेवून खाली गेला की पायऱ्यांचा आवाज थांबायचा, मग मी दार उघडायचे. नवीन लग्न झालेलं, परका देश, बायको रोज कुठून येतेय हे माहीत, बातम्यांत आकडे. एकदाही तो म्हणाला नाही की ही नोकरी सोड. थर्मासखाली कधीकधी चिठ्ठी असायची, "पोळ्या ओव्हनमध्ये आहेत" एवढीच. त्यातली एकही मी जपून ठेवली नाही, आणि ठेवली असती तरी होम ऑफिसच्या यादीत तिला जागा नव्हती. त्या काळातलं फाईलमध्ये काय आहे, तर पाण्याचं एक बिल आणि जॉइंट खात्याचं एप्रिलचं स्टेटमेंट. कागदावर आम्ही त्या दहा आठवड्यांत अगदी व्यवस्थित एकत्र राहत होतो.

पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो, त्यामुळे २०२२ च्या जूनमध्ये मुदतवाढीचा अर्ज करायचा होता. तीस महिन्यांची मुदतवाढ, आणि अर्जाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ६२४ प्रमाणे १,५६० पौंड. उत्पन्नाची अट तेव्हा वर्षाला १८,६०० पौंड होती. माझा पगार त्याहून जास्त, त्यामुळे ती काळजी नव्हती. सहा महिन्यांच्या पेस्लिपा, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं, नोकरीचं पत्र. सगळं छापून जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि नवरा एकेक पान बघत असताना म्हणाला, "हा पत्ता कुठला?"

माझा पगार ज्या जुन्या खात्यात जमा होत होता, त्या खात्यावर अजून नर्सेसच्या वसतिगृहातला पत्ता होता. खोली क्रमांकासकट. २०१४ मध्ये उघडलेलं खातं, स्टेटमेंट कागदावर येणं कधीच बंद केलेलं, पत्ता बदलायचं कधी डोक्यातच आलं नाही. सहाच्या सहा पानं सांगत होती की ही बाई नवऱ्याच्या घरापासून तीन मैलांवर एका खोलीत राहते. पोटात गोळा आला. व्हिसा संपायला सोळा दिवस होते. रात्री दोन वाजता मी स्पष्टीकरणाचं पत्र लिहिलं. वसतिगृह कधी सोडलं त्याची तारीख, भाडेकरार कधीपासून, पत्ता बदलायचा राहून गेला ही माझी चूक, आणि सोबत वसतिगृहाची अनामत परत आल्याची नोंद. दुसऱ्या दिवशी बँकेत पत्ता बदलला आणि त्यांच्याकडून तसं पत्र घेतलं. काही लपवलं नाही, म्हणून निभावलं असं मला वाटतं. तुमची सगळी खाती आज उघडून बघा. जुना पत्ता कुठेतरी नक्की असतो.

आता उत्पन्नाचं, कारण २०२४ मध्ये खरी कसोटी तिथे लागली.

मार्च २०२४ मध्ये आम्हाला मुलगी झाली. मी कायम रहिवासी असल्यामुळे आणि तिचा जन्म इथे झाल्यामुळे ती जन्मतःच ब्रिटिश. बापाला अजून व्हिसा आणि आठ महिन्यांच्या लेकीकडे गडद निळा पासपोर्ट. आयएलआरचा अर्ज करायचा होता नोव्हेंबरात, त्याला इथे पाच वर्षं पुरी होताना. (मुदतीच्या २८ दिवस आधीपासून करता येतो, त्याआधी केला तर नाकारतात.) बाळंतपणाच्या रजेत आधी आठ आठवडे पूर्ण पगार, मग अठरा आठवडे अर्धा, मग नुसता कायद्याने ठरलेला भत्ता, आठवड्याला १८४ पौंड ३ पेन्स. म्हणजे अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत माझ्या पेस्लिपा दर महिन्याला खाली खाली जात होत्या.

त्याची नोकरी गोदामात, एजन्सीमार्फत, तासावर. तासाला ११ पौंड ४४ पेन्स. वर्षभर नीट काम केलं तर तो एकटाच १८,६०० च्या वर जातो, आणि इथे राहून अर्ज करताना त्याचं उत्पन्नही धरता येतं. पण जुलैत मिरजेहून फोन आला, आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, छातीत दुखतंय, बायपास करायची. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने तो गेला आणि नऊ आठवडे तिथेच राहिला. एजन्सीच्या कामात बिनपगारी म्हणजे बिनपगारी. तासावरच्या कामात सहा महिन्यांची सरासरी काढतात आणि त्याच्या सरासरीत नऊ आठवडे शून्य होते. तो तिथे दवाखान्याच्या बाकावर बसून हिशेब करायचा, मी इथे बाळाला पाजत. माझी आई तेव्हा इथे होती म्हणून मी उभी राहिले.

एका रात्री मी नियमांचा मूळ मजकूर वाचायला बसले. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की स्पॉन्सर बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर असेल तर रजा सुरू होण्याच्या आधीचा काळ पगारासाठी धरता येतो. म्हणजे माझे सप्टेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ हे सहा महिने. तेव्हा माझा मूळ पगार वर्षाला ३४,५८१ पौंड होता. मी त्या ओळीखाली बोट धरून आईला वाचून दाखवलं. तिला इंग्रजी फारसं कळत नाही, पण तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि देवापाशी साखर ठेवली. लेक ब्रिटिश असल्यामुळे तिच्यासाठी वेगळी जास्तीची रक्कमही दाखवावी लागत नव्हती.

तरी नोकरीच्या पत्राने दमवलं. त्या पत्रात चार गोष्टी लागतात. नोकरी आहे हे आणि वर्षाचा एकूण पगार, नोकरी कधीपासून, हा पगार कधीपासून मिळतोय, आणि नोकरी कायम, मुदतीची की एजन्सीची. पगार विभागाने पाठवलेल्या पहिल्या पत्रात तिसरी गोष्टच नव्हती आणि रजेचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्यात रजेची तारीख चुकली. तिसरं बरोबर आलं, तोवर पाच आठवडे गेले होते. शेवटच्या दोन वेळा मीच मजकूर लिहून पाठवला की एवढं यात असू द्या. त्यांना त्यात काही वाईट वाटलं नाही, उलट सोपं झालं. तुम्हीही पहिल्याच वेळी तसं करा. पेस्लिपवरचा निव्वळ आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा पेन्सपर्यंत जुळला पाहिजे, हेही बघा. अट मात्र मोजतात ती कर कापायच्या आधीच्या पगारावर. मी जादा शिफ्टचे पैसे धरलेच नाहीत. मूळ पगारात भागत असेल तर कागद वाढवू नये.

नऊ आठवडे तो इथे नव्हता, त्याचं काय? जोडीदाराच्या या मार्गावर किती दिवस बाहेर राहिलात याची ठरलेली मर्यादा नाही, पण का गेलात हे सांगावं लागतं. आप्पांचं डिस्चार्ज कार्ड, विमानाची तिकिटं आणि एक पानी पत्र जोडलं. ते पत्र त्याने स्वतः लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. वडिलांना स्वतःच्या पायाने जिना चढताना बघून मी परत आलो.

आणि पत्रं? सहाऐवजी अकरा निघाली. २०२३ आणि २०२४ ची कौन्सिल टॅक्सची बिलं, पाणी, जॉइंट खातं, भाडेकराराचं नूतनीकरण. शिवाय मतदानाची कार्डं. भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे म्हणून इथे राहत असतील तर मत देऊ शकतात, हे आपल्यातल्या फार जणांना माहीतच नसतं. २ मे २०२४ ला वेस्ट मिडलंड्सच्या महापौराची निवडणूक झाली, ४ जुलैला संसदेची. दोन्ही वेळी दोघांच्या नावे वेगवेगळी कार्डं एकाच पत्त्यावर आली. मत देऊन लोक ती टाकून देतात. आमची फाईलमध्ये होती.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. माझ्या ओळखीतली एक मुलगी चार वर्षं इथे होती आणि तिच्या नावाचा एक कागद त्या घरात नव्हता. बिलं नवऱ्याची, खातं नवऱ्याचं, फोनसुद्धा त्याच्या नावावर. नंतर घरात तिला मारहाण झाली. अशा बायकांना नवऱ्याशिवाय स्वतंत्रपणे कायमच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो, तशी तरतूद आहे, पण तिथेही आधी काहीतरी दाखवावं लागतं. तिच्या हातात दवाखान्याची दोन पत्रं होती, बाकी काही नाही. कुणी नवीन जोडीदार घरी आणला असेल तर त्याचं किंवा तिचं नाव बिलावर लावायला कुणी सांगायची वाट बघू नका. व्हिसासाठी लागतंच, पण ते घर त्या माणसाचंही आहे म्हणून लावा.

आयएलआरसाठी लागणारी 'लाइफ इन द यूके'ची, म्हणजे या देशाच्या माहितीची, परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला, चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं. इंग्रजीची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षाही झाली. २,८८५ पौंड भरले, बर्मिंगहॅमला जाऊन बोटांचे ठसे दिले, बाळ तिथे बाकावर झोपलं होतं. मग तीन महिने काहीच नाही.

फेब्रुवारीत मी नाइट करून झोपले होते. तो वर आला आणि फोन माझ्या हातात दिला. हल्ली कार्ड येत नाही, सगळं ऑनलाइन असतं, ई-व्हिसा. त्याने मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी विचारलं, "कागद कुठाय?" कागद नाही, असं सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "एवढे सगळे दिले, आणि त्यांनी एक दिला नाही?" आप्पा मागून म्हणाले, "अगं, पोरगा तिथंच राहणार म्हणतायत, अजून काय पाहिजे?" आणि मग दोघंही एकदम रडले.

आमच्या वॉर्डात तासगावची एक मुलगी आहे. तिला यंदा आयएलआर मिळाला, लग्न ठरलंय. तिच्या वेळी उत्पन्नाचा आकडा मोठा आहे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्याने अर्ज करणाऱ्यांना २९,००० पौंड दाखवावे लागतात. तिचा पगार त्यात बसतो, तीनदा बघून घेतलं. मागच्या रविवारी मी हिरवी फाईल रिकामी केली, आमचे कागद एका साध्या पाकिटात घातले आणि फाईल तिला नेऊन दिली. नवरा येईल त्या आठवड्यात कौन्सिलला फोन करायचा, हे तिने माझ्यासमोर फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलं.